घोरपडीच्या आधी

"चक्का आणायला टॉर्च आणि चिमटा कशाला लागतो गं?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा माझा एक पाय चपलेत होता आणि दुसरा हवेत. टॉर्च पर्समधून अर्धा बाहेर आला होता. चिमटा तर हातातच होता.

"डेअरीत अंधार असतो," मी म्हणाले.

"भर सकाळी?"

"आतल्या खोलीत."

"आणि चिमटा?"

"चक्क्यात केस निघाला तर असावा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पदर खोचला, गॅस बंद आहे ना ते बघितलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. "चल," त्या म्हणाल्या. "मीही येते. मला तुझ्याशी एक बोलायचंय. घरात नको."

सासूबाई घरात नको म्हणतात ते बोलणं कशाबद्दल असतं, हे सांगायला मला कुणाची गरज नव्हती. पण खरं सांगायचं तर मला त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. नुकताच मी मोबाइल बघितला होता. कराडात नवा डबा लागला होता, आणि काही झालं तरी मला घोरपडीच्या आधी तिथे पोचायचं होतं.

हा छंद ज्यांना ठाऊक नाही त्यांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबी कुठेतरी लपवून ठेवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण मोबाइल घेऊन तिथे जायचं, धोंडे उचलायचे, भिंतींच्या फटीत बोटं घालायची, जाणारे-येणारे बघायला लागले की चप्पल तुटल्याचं सोंग करायचं. डबी सापडली की आतल्या कागदावर आपलं टोपणनाव लिहायचं आणि ती होती तशी ठेवून परत यायचं. एवढंच. "मग मिळतं काय?" असं सगळे विचारतात. काही मिळत नाही. म्हणूनच तर तो छंद.

माझं टोपणनाव खारूताई. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. अमोघ पुण्याला नोकरीला होता, शनिवारी यायचा. माझी बँकेतली नोकरी कराडची, म्हणून मी सासू-सासऱ्यांकडे राहायचे. सासरची माणसं वाईट नव्हती, उलट फार सभ्य होती. इतकी सभ्य, की आम्ही तिघं एकमेकांना "घ्या ना", "नको, झालं" एवढंच बोलायचो. त्या घरात मी पाहुणीसारखी वावरायचे आणि रविवारी "मैत्रिणीकडे जाते" असं सांगून झाडाझुडपांत शिरायचे.

आणि छंदात तरी सुख होतं का? छे! पावसाळ्यानंतर डबा उघडावा तर कागदाचा लगदा. पेन्सिल असली तर तिला टोक नसायचं, टोक असलं तर कागदावर जागा नसायची. एका महाशयांनी डबा आग्यामोहोळाच्या पोळ्याखाली ठेवला होता आणि वर लिहिलं होतं, "शांतपणे शोधावे." दुसऱ्या एकाने मुलींच्या वसतिगृहाच्या कुंपणाला लावला, तेव्हा दोन सज्जन गृहस्थांना तिथल्या रखवालदाराने दुपारभर बसवून ठेवलं. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हेच. आमच्या कृष्णाकाठच्या मंडळाच्या ग्रुपवर मी लांबच लांब सूचना टाकायचे. डब्याला दोन पिशव्या असाव्यात. पेन्सिलीला दोरी असावी. जिथे भल्या घरच्या बाईला ओणवं होता येत नाही तिथे डबा नसावा. न सापडताच 'सापडला' लिहिणाऱ्यांना महिनाभर खेळू देऊ नये. मंडळाचे प्रमुख 'हळद्या' नावाने वावरायचे. कॉलेजात प्राध्यापक होते. ते प्रत्येक सूचनेखाली "विचार करू" लिहून हात जोडलेलं चित्र टाकायचे, आणि विचार कधीच करायचे नाहीत.

सगळ्यांत कडक सूचना घोरपडीबद्दल होती. गेल्या दिवाळीपासून हा कोण प्राणी उपटला होता देव जाणे. नवा डबा लागला की मी धापा टाकत पोचायचे, कागद उलगडायचे, आणि पहिल्या ओळीवर घोरपड बसलेली असायची. हा माणूस नाव लिहायचाच नाही. शेपटी वळवलेली छोटीशी घोरपड काढायचा, आणि मला वाटायचं ती माझ्याकडे बघून जीभ काढतेय. नव्या डब्याच्या कोऱ्या कागदावर पहिलं नाव लिहायला मिळणं हा आमच्यात सगळ्यांत मोठा मान. मला तो एकदाही मिळाला नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं, "घोरपड यांना आतून खबर मिळते असा संशय आहे. बंदोबस्त व्हावा." त्यावर घोरपडीचं उत्तर आलं, "खारूताईंनी थोडं लवकर उठावं." मी इतकी चिडले होते की दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना चहात साखरेऐवजी मीठ घातलं. ते बिचारे कप संपवून उठले.

तर त्या रविवारी अमोघ येणार नव्हता, पण कोल्हापूरहून आत्याबाई जेवायला यायच्या होत्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, सासूबाईंच्या वन्सं. त्या यायच्या म्हटलं की आमच्या घरातले पडदेसुद्धा सरळ उभे राहायचे. सासरे त्यांना घ्यायला एसटी स्टँडवर गेले होते. श्रीखंडासाठी चक्का आणायचा होता, आणि नेमका सासरे निघता निघताच डबा लागला होता.

डेअरीतून चक्का घेतला, पिशवी स्कूटरच्या हुकाला लावली. सासूबाई मागे बसल्या.

"आई, जरा हायवेच्या बाजूने जाऊ या? इकडे गर्दी असते."

"जा," त्या म्हणाल्या. "तेवढंच बोलता येईल."

मी वेग वाढवला. त्या कानाशी येऊन बोलू लागल्या. "हे बघ, मी कुणाच्या अध्यात नसते. पण आपल्या घरातलं एक माणूस सांगून एकीकडे निघतं आणि जातं भलतीकडेच. माझ्या लक्षात आलंय."

स्कूटर एका खड्ड्यात गेली आणि बाहेर आली.

"कपड्यांना कुसळं असतात," त्या पुढे म्हणाल्या. "कोपर खरचटलेलं असतं. परवा तर केसात जळमट होतं. विचारलं की नुसतं हसायचं. मी काय समजायचं?"

परवा मी खरोखरच एका पडक्या चौकीत डोकं घातलं होतं. माझे कान तापले. आता कबूल करायचं की नाही, केलं तर कसं करायचं, असा विचार करत असतानाच मोबाइल थरथरला. जागा आली होती.

मी ब्रेक दाबला. डब्याबरोबर हळद्यांनी एक खूण दिली होती, "जिथे गोडवा पिळून निघतो, तिथे बसा आणि शोधा." रस्त्याकडेच्या रसवंतीचा डबा होता हा. पण तिथे रसवंती नव्हतीच! चार खांबांचे खड्डे, उसाच्या चिपाडांचा ढीग, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, बस्स. मे महिना संपत आला होता. कराडातली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील की पाऊस जवळ आला की रसवंतीवाले चंबूगबाळं आवरून गावी जातात. आणि ह्या प्राध्यापकाने हंगाम संपता संपता हलत्या दुकानात डबा लावला होता! मी तिथेच मनातल्या मनात नवी सूचना लिहायला घेतली. तिच्यातले शब्द इथे देण्यासारखे नाहीत.

"इथे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

माझा धीर सुटला. "आई, ते माणूस मीच आहे."

"कुठलं माणूस?"

"कुसळांचं. कोपराचं. मी मैत्रिणीकडे जात नाही. मी डबे शोधते." आणि मग मी सगळं सांगून टाकलं, अक्षांश-रेखांश, पेन्सिल, आग्यामोहोळ, घोरपड, आणि मला एकदा तरी, एकदाच, पहिलं यायचंय हेसुद्धा. तेही चिपाडांच्या ढिगाजवळ उभं राहून.

सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "अगं पण मी तुझ्याबद्दल कुठे बोलत होते?" त्या म्हणाल्या. "मी ह्यांच्याबद्दल बोलतेय! वाचनालयात जातो म्हणून निघतात आणि शर्टाला चिखल लावून येतात. वाचनालयात कसला चिखल? मला आपलं त्या ग्रंथपालबाई..." त्या थांबल्या, आणि लाजल्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

"बाबा? ग्रंथपालबाई?"

"काय सांगावं! रिटायर झाल्यावर माणसं बिघडतात."

मला हसू यायला लागलं आणि आवरेना. त्यांनाही आवरेना. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब खाली ठेवली.

"काय, रस प्यायला आलाय व्हय?" तो म्हणाला. "गेला की ह्यो टेंपो भरून, आत्ताच. ओगलेवाडीकडं. तुमच्यासारखंच एक टोपीवालं काका आलं हुतं, त्येबी असंच इकडं तिकडं वाकून बघत हुतं. मी सांगितलं तसं रिक्षा करून गेलं मागनं."

"घोरपड!" मी किंचाळले.

"कुठाय?" पंक्चरवाला स्टुलावर चढला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. घरी पुऱ्यांची कणीक भिजवायची होती, चक्का उन्हात लटकत होता, आणि आत्याबाई कोणत्याही क्षणी उंबऱ्यात उभ्या राहणार होत्या. मी म्हणणार होते की जाऊ दे, चला घरी.

"बघतेस काय?" सासूबाई स्कूटरवर बसल्यासुद्धा होत्या. "रिक्षाला मागे टाकायचं म्हणजे आतल्या रस्त्याने घे. शाळेमागून!"

त्या दिवशी मी जशी गाडी चालवली तशी पुन्हा कधी चालवली नाही. शाळेमागचा रस्ता म्हणजे नुसते दगड. सासूबाईंनी एका हाताने माझी कंबर धरली होती आणि दुसऱ्या हाताने त्या समोरच्या म्हशींना बाजूला व्हायला सांगत होत्या. "होऽ बाजूला! घाईत आहोत!" वाटेत त्यांच्या ओळखीच्या एक बाई दिसल्या. त्यांना न थांबता "नंतर! नंतर!" म्हणून हात हलवला. चक्क्याची पिशवी माझ्या गुडघ्यावर आपटत होती. मला जन्मात कधी इतकी मजा आली नव्हती.

रेल्वेचं फाटक बंद होतं. रांगेत सगळ्यांत पुढे टेंपो. त्यावर रसवंतीचा लाकडी चरक दोरांनी आवळलेला, खुर्च्या, पत्रे, ताडपत्री. मालगाडी यायची होती, म्हणून सगळ्यांनी इंजिनं बंद केली होती. आणि टेंपोच्या मागच्या फळीवर एक माणूस पालथा पडून चरकाखाली हात घालत होता. डोक्यावर पांढरी टोपी, तोंडाला रुमाल. चरकाला बांधलेली घुंगरं छुमछुम वाजत होती.

"ओ काका!" टेंपोवाला खिडकीतून ओरडत होता. "काय चाललंय? माझ्या चरकाला हात लावू नका! उतरा की खाली!"

"एक मिनिट, एक मिनिटच," रुमालातून आवाज आला.

तो आवाज मी ओळखला. पण माझ्या आधी सासूबाईंनी चप्पल ओळखली.

"अहो!"

घोरपड टेंपोवरून जवळजवळ खाली पडली. रुमाल सुटला. आमचे सासरे, मामलेदार कचेरीतून रिटायर झालेले वसंतराव होनप, कोपराला ग्रीस लागलेल्या अवस्थेत आमच्यासमोर उभे होते.

"तुम्ही?" मी म्हणाले. "तुम्ही घोरपड?"

"तू कशी आलीस?" ते म्हणाले. "तुझा मोबाइल वाजला तेव्हा तर तू..." आणि त्यांनी जीभ चावली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझा मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला असायचा, सासऱ्यांच्या आरामखुर्चीशेजारी. नवा डबा लागला की तो वाजायचा. मी स्वयंपाकघरात. आणि हे महाशय मला हाक मारायच्या ऐवजी टोपी घालून वाचनालयात जायचे!

"आतून खबर मिळते म्हणाले होते की नाही मी!"

"मला आधी काही माहीतच नव्हतं गं," सासरे म्हणाले. "दिवाळीत तुझा फोन वाजला, मी सहज बघितलं. म्हटलं, ही पोरगी जाते तरी कुठे, बघू या. गेलो तर डबा सापडला. मग मीही ग्रुपात शिरलो. मग दुसऱ्या वेळी..." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला रागवायलाही जमेना. "तुला सांगणारच होतो. पण तू ग्रुपवर माझ्या बंदोबस्ताचं लिहिलंस."

"म्हणजे ग्रंथपालबाई नाहीत?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"कोण ग्रंथपालबाई?"

"काही नाही. भाऊ, आम्हाला जरा बसायला द्या बघू. ऊन केवढं आहे."

टेंपोवाल्याने गिऱ्हाइकांचं लोखंडी बाकडं फाटकाशेजारच्या सावलीत उतरवून दिलं. इकडे आमचं भांडण रंगात आलं होतं. आजचा डबा कुणाचा? मी म्हणत होते की आतल्या खबरीवर मिळालेले सगळे पहिले नंबर रद्द, तेव्हा आजचा माझा. सासरे म्हणत होते की टेंपोवर आधी हात त्यांचा पडला. मी म्हणाले, हात पडून काय उपयोग, डबा कुठे सापडलाय? ते म्हणाले, नियमाप्रमाणे जागा हलली तर डबा बाद. मी म्हणाले, असा नियम नाही, तसा नियम करा अशी सूचना मीच केली होती आणि त्यावर "विचार करू" आलं होतं. फाटकवालासुद्धा ऐकायला आला.

"अगं," बाकड्यावरून सासूबाईंनी विचारलं, "खरं नाव लिहायचं का दुसरं?"

"दुसरं!" आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, आणि पुन्हा भांडायला लागलो.

मग दोघंही एकदमच थांबलो.

सासूबाईंच्या मांडीवर एक चपटी डबी उघडी होती. बाकडं सावलीत नीट ओढून घ्यायला त्यांनी खाली हात घातला होता, तर बोटांना ती लागली. लोहचुंबकाने चिकटलेली. 'तिथे बसा आणि शोधा,' असं हळद्यांनी सांगितलं होतं, आणि आम्ही दोघं हुशार चरकाखाली बघत होतो. त्यांनी पेन्सिल जिभेला लावून कोऱ्या कागदाच्या पहिल्या ओळीवर सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं होतं, द्वारका.

माझ्या तोंडून "अयाई गं" निघालं. माझा पहिला नंबर गेला होता. पण मी सासऱ्यांकडे पाहिलं तर ते त्या नावाकडे बघत उभे होते.

"द्वारका," ते म्हणाले.

"दुसरं नाव लिहा म्हणालात ना," सासूबाई म्हणाल्या. "मला एवढं एकच दुसरं नाव आहे. लग्नाच्या आधीचं. लग्नात तुम्ही तांदळात कुमुदिनी काढलंत. वन्संनी निवडलेलं. चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं." त्यांनी कागदावर फुंकर मारली. "कितीतरी वर्षांनी लिहिलं. 'द्वा' जरा वाकडा आला."

माझ्या लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे आणलं तेव्हा ह्याच बाईंनी ते बाजूला सारलं होतं. "हिचं नाव निलांबरी आहे," त्या म्हणाल्या होत्या, "तेच राहू द्या." आत्याबाई त्यावरून जेवायच्या थांबल्या होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, सासूबाई जरा आधुनिक आहेत. बाकी काही नाही. आता त्या बाकड्यावर पाय हलवत बसल्या होत्या, कपाळावर घाम, पदराला म्हशीचा चिखल, आणि त्यांचा आनंद त्यांच्या चेहऱ्यात मावत नव्हता. माझे डोळे भरून आले. मी खाली वाकून त्यांना घट्ट मिठी मारली. आमच्या घरात असं कुणी करत नसे.

सासऱ्यांनी पेन्सिल घेतली. मला वाटलं, आता घोरपड काढणार. पण त्यांनी ती माझ्या हातात दिली. "दुसरी तू," ते म्हणाले. "मी तिसरा. माझा बंदोबस्त झाला."

मालगाडी धडधडत गेली. टेंपोवाल्याने डबी परत बाकड्याखाली लावू दिली, आणि "पुढल्या मोसमाला हितंच या" म्हणून सांगितलं. फाटक उघडलं तेव्हा सासूबाईंना काहीतरी आठवलं.

"अहो, वन्सं कुठायत?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "स्टँडवर," ते म्हणाले.

रिक्षा केव्हाच निघून गेली होती. एका स्कूटरवर तिघं बसून आम्ही स्टँडवरून घरी आलो, मध्ये सासूबाई, मागे सासरे, त्यांच्या मांडीवर चक्का. चक्क्याचं पाणी वाटभर गळत होतं. स्टँडवर कुणी नव्हतंच. आत्याबाई स्वतः रिक्षा करून आल्या होत्या आणि आमच्या कुलूपबंद दाराच्या पायरीवर, बॅगेवर बसल्या होत्या. त्यांनी आम्हा तिघांना स्कूटरवरून उतरताना पाहिलं. ग्रीस, चिखल आणि चिपाडं बघितली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "घरी पाहुणा यायचा असताना तुम्ही तिघंच्या तिघं होतात तरी कुठे?"

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली. कुलपाला लावली. मग वळून सांगितलं, "शर्यतीला गेलो होतो वन्सं. मी पहिली आले."

आत्याबाईंनी भावाकडे बघितलं. "ही काय बोलतेय?"

"खरं आहे अक्का," सासरे म्हणाले. "द्वारका पहिली आली."